ताईचं चालणं, भाऊचा घाम

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
खुर्चीला खिळलेल्या धाकट्याचा सा. न. वि. वि.

म्हाताऱ्यांच्या व्यायामाच्या त्या अभ्यासात तुझ्या गावच्या दवाखान्यात तुझं नाव चालणाऱ्यांत निघालं आणि इथे माझं बसणाऱ्यांत. चिठ्ठ्या टाकणाऱ्याला विनोदबुद्धी आहे. छापखान्याच्या कामगारांना मी जन्मभर ओरडून सांगितलं, उठा, बसलात तर संपलात. आता हे मला सांगतात, आजोबा, वर्षभर आहात तसेच राहा, तुलनेला बसणारेही लागतात. शब्द दिलाय, तेव्हा बसतो. दिलेला शब्द मी मालकांपुढेही कधी गिळला नाही.

एक गंमत. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचताना मला घाम फुटतो, तोही हिवाळ्यात. समोरच्या शिंप्याने विचारलं, भाऊ, कुठून धावून आलात. तू म्हणशील, अग्रलेख वाचून रक्त तापलं असेल. बहुतेक तेच.

बसल्या जागी लोभ वाढावा.
तुझा, भाऊ

ता. २ फेब्रुवारी

चि. भाऊस,
फिरत्या पट्ट्यावरून अ. उ. आ.

दवाखान्याच्या जुन्या धुलाईखोलीत आमची यंत्रं मांडलीत. भिंतीकडे तोंड करून आम्ही म्हाताऱ्या ओळीने चालतो आणि कुठेच पोहोचत नाही. डॉक्टरबाईंनी समजावलं की उतारवयात अंगात एक मंद दाह धुमसत राहतो, आणि ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच आपल्याला लोखंडासारखा आतून गंजवतो. रोज धाप लागेपर्यंत चाललं की धग निवते, गंज रोखला जातो. शेजारची निवृत्त परिचारिका म्हणाली, म्हणजे आपण सगळ्या भंगार. खूप हसलो.

माझं मात्र विचित्र आहे. बाकीच्या निथळतात, मी कोरडी. पट्टा कितीही जोरात सोडला तरी धाप लागत नाही. डॉक्टरबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. थंडगार आहे म्हणाल्या. बोटंही सुजलीत. तुला घाम नेमका केव्हा येतो रे? मी सकाळच्या चहानंतर लगेच पट्ट्यावर असते.

काळजी करू नकोस, आठवण कर.
तुझी, ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

त्याच वेळी येतो.

रक्ताचा निकाल आला. माझा दाह उतरलाय आणि गंज तरुणासारखा कमी झालाय. इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांगा, लपून चालता ना. शिंप्याने साक्ष दिली की हा माणूस खुर्चीतून हलत नाही. तुझा निकाल तू कळवला नाहीस, म्हणून मी डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं वाढलंय म्हणाल्या. रोज चालणाऱ्या बाईचं कसं वाढतं, ते त्यांना उमजत नाही.

बुवाबाजीविरुद्ध मी चौकाचौकांत घसा फोडलाय. चमत्कार नसतो, कारण असतं. ते शोधायला परवा डोळे मिटून बसलो. ताई, घामाच्या आधी पावलं येतात. माझे पाय जमिनीला टेकलेले, आणि पोटऱ्यांत कुणीतरी भरभर चालतंय. डावं पाऊल किंचित जड पडतं. घरात तसं तूच चालायचीस.

बंद कर ते चालणं. लोभ असेल तर बंद कर.
तुझा, भाऊ

ता. २० मार्च

चि. भाऊस, अ. उ. आ.

बंद करणार नाही.

लहानपणी तुझी छाती अशक्त होती. डॉक्टर म्हणाले पोराला पळवा, आणि तुला तर उभं राहवत नव्हतं. मग आई मला अंगणाभोवती पळवायची आणि धापा टाकत असतानाच तुझ्या पांघरुणात घालायची. हिचं पळणं याला लागू दे, म्हणायची. तू उठलास, शाळेत गेलास. मला थांब म्हणायचं मात्र ती विसरली.

आता सकाळी माझा चेहरा सुजतो. हृदयावर ताण आलाय, असंच वाढत गेलं तर वर्ष निघणं कठीण, असं डॉक्टरबाई म्हणतात. निघेल तेवढं निघेल. गेल्या साली जिना चढताना तू निळा पडायचास, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तू शब्दाचा पक्का, तेव्हा मुकाट्याने बस. मी थोरली आहे.

वाद नको, लोभ पुरे.
तुझी, ताई

ता. २७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आयुष्यात पहिल्यांदा शब्द मोडला. चोरून नाही, डॉक्टरांना सांगून. माझं नाव काढा म्हणालो. ते म्हणाले, अभ्यास बिघडेल. मी म्हणालो, बिघडू दे. ज्या शब्दापायी दुसऱ्याचा जीव झिजतो तो शब्द नव्हे, बेडी आहे. बेडी तोडा, एवढंच तर मी चाळीस वर्षं सांगत आलो.

मग तुझ्या वेळेला पुलापर्यंत भरभर गेलो आणि आलो. शिंपी हातात कात्री घेऊन दारात बघत राहिला. घाम नाही, धाप नाही, कपाळ थंड. ताई, एवढा आनंद मला कुठल्या मोर्चात झाला नव्हता. तिकडे काय झालं ते आधी कळव, रागव मागाहून.

उत्तराची वाट बघणारा,
भाऊ

ता. १५ एप्रिल

चि. भाऊस, अ. उ. आ.

पोहोचलं. पट्टा सुरू व्हायच्या आधी, नुसती कठड्याला धरून उभी असताना माझी पाठ भिजली. परिचारिकेने घाबरून डॉक्टरबाईंना हाक मारली. मी हसत होते. तुझी चाल ओळखली मी, सभेला उशीर झाल्यासारखी. चेहऱ्यावरची सूज उतरतेय.

पण मीही चालणं सोडलेलं नाही. तू थांबलास तर मी जाईन, मी थांबले तर तू. म्हणून दोघांनी आपापल्या गावी एकाच वेळी चालायचं, एकमेकांसाठी. कंटाळा, पाहुणे, सर्दी, कुठलीही सबब ऐकणार नाही.

एक सांगून ठेवते. आपल्यातलं कुणीतरी आधी थांबणारच. ते कळायला फोन लागणार नाही. चालता चालता ज्या दिवशी पोटऱ्यांत तुझी पावलं नसतील आणि मला माझाच घाम फुटेल, त्या दिवशी मी पट्टा बंद करून तिथेच खाली बसेन. तुझ्या बाबतीत झालं, तर तू पुलावर थांबू नकोस. घरी जा, शिंप्याला बोलाव, एकटा राहू नकोस.

आज अंगावरचा घाम तुझाच आहे. लोभ असाच पोहोचता ठेव.
तुझी, ताई