बहात्तर तासांचा ब्लॉक

३ मार्च
भूल विभागात नवं सोनोग्राफी मशीन आलं. पडद्यावर नर्व्ह बघत सुई घालायची, भोवती औषध सोडायचं. तेवढाच हात बधिर. यालाच ब्लॉक म्हणतात. ज्युनिअर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सर, शनिवारी ट्रेनिंगला याल ना? हसलो. बावीस वर्षं भूल देतोय. माझ्या बोटांनाच डोळे आहेत.
तरी संकल्प : मशीनचं पुस्तक रविवारी चाळायचं.

७ मार्च, रविवार
पुस्तक उशाला घेतलं. झोप उत्तम.

९ मार्च
उद्याची केस : शिवणकाम करणारी बाई. एकशे एकतीस किलो. उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडलीत, प्लेट टाकायची. झोपेत श्वास अडकतो, म्हणून पूर्ण भूल धोक्याची. ब्लॉकच हवा. बाईने विचारलं, शाळेच्या गणवेशांची ऑर्डर घेतलीय, हात कधी चालेल? म्हटलं, आधी तोंड कमी चालवा. सगळे हसले. ज्युनिअर सोडून. तिला विनोद कळत नाही.

१० मार्च, दुपार
पडद्यावर नुसतं धुकं. ज्युनिअर म्हणाली, सर, खोलवर बघणारा प्रोब लावू, डेप्थ वाढवू. म्हटलं, पेशंट वाढलाय तेवढा पुरे. मशीन बाजूला सारलं, सवयीने सुई घातली. तिसऱ्या खेपेला बाई किंचाळली, बोटांपर्यंत करंट गेला म्हणाली. म्हटलं, शाब्बास, नर्व्ह सापडली! ज्युनिअर ओरडली, सर, औषध सोडू नका, सुई नर्व्हमध्ये घुसलीय, मागे घ्या. कालची पोर मला शिकवणार! औषध सोडलं.
वीस मिनिटांत हात ओंडक्यासारखा. सर्जनने पाठीवर थाप मारली. किंवा बाजूला व्हा म्हणत असेल.

११ मार्च
चोवीस तास झाले, ब्लॉक अजून टिकून. औषध बारा तासांचं! बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, येताना दूध आणा.

१३ मार्च
बहात्तर तास!! रेकॉर्ड. परिषदेत पेपर वाचायचा. ज्युनिअरला आकडेवारी काढायला सांगितली. तिने परस्पर न्यूरॉलॉजिस्टला बोलावलं. जळतात लोक.

१९ मार्च
न्यूरॉलॉजिस्ट म्हणतो, नर्व्हला जबर इजा. बरी होईल का, सांगता येत नाही. तो काय ऑपरेशनला हजर होता? औषध चरबीत साठलं असणार. दोष वजनाचा.
केसपेपर पूर्ण केला. 'सोनोग्राफी मशीन वापरले' असं लिहिलं. खोटं नाही. चालू होतंच.
कळलं की ज्युनिअरने ऑपरेशनच्याच दिवशी वेगळी नोंद करून ठेवलीय.

२६ एप्रिल, सकाळ
बाई ओपीडीत आली. डाव्या हाताने उजवा उचलून माझ्या टेबलावर ठेवला, पिशवी ठेवावी तसा. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, गणवेश दुसरीकडे गेले. नवरा वेणी घालून देतो, वाकडी येते. मग विचारलं, डॉक्टर, तुमचं औषध कधी उतरेल हो?
म्हटलं, तुमचं वजन...
तक्रारीचा अर्ज ज्युनिअरने लिहून दिला होता. तिला सही जमेना. पेन दोनदा पडलं. शिपायाने शाईचं पॅड आणलं. म्हणाला, बायकांचा उजवाच अंगठा लागतो. कुणीतरी धरायला हवा होता, जवळ मीच होतो. शाईत बुडवला, कागदावर चांगला दाबून धरला.
ती दाराकडे बघत बसली होती. जरा वेळाने म्हणाली, अंगठा लावताय ना?