नापास नमुना

३ मार्च

दुकानात आठवड्याची खोकी आली. नव्या तबकड्या — थोड्या बर्लिनहून, थोड्या शिकागोहून, बाकी कुठकुठल्या. सगळ्यांचा ढोल एकाच साच्यातून काढल्यासारखा! प्रत्येकीच्या पाकिटावर डीजेंसाठी माझ्या हातची एका ओळीची चिठ्ठी हवी, म्हणून सगळ्या ऐकल्या. एका भिकार तबकडीवर लिहिलं — 'फ्लोअर रिकामा करायचा असेल तर उत्तम.' डेलरॉयने तीच उचलली. म्हणाला, "नीटा, माझ्या क्लबात रात्री गर्दी फार होते गं!"

आर्डेल आजही दिवसभर तळघरात. डॉक्टर म्हणतात जिना चढउतार बंद, आणि हा माझा भाऊ नाकातली नळी सांभाळत, सिलिंडर एकेका पायरीवर आपटत उतरतो. जेवायला म्हणून खाली जाणाऱ्या पाइपवर तीनदा अंगठी वाजवली. वर आला तोवर मासा थंडगार. मक्याचा पाव तेवढा चिवडला.

"काय करतोयस एवढं खाली?"

"करतोय. तू ऐकशील तेव्हा ऐकशील."

७ मार्च

बर्फ. दुकानात कुत्रं फिरकलं नाही.

१४ मार्च

झालं म्हणे! टेप डब्यात घालून वर आणली आणि सोफ्यावर आडवा झाला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. ओठ निळे पडले होते. मी ओरडले, तर डोळे मिटूनच म्हणाला, "आता पुन्हा उतरणार नाही, नीटा. शप्पथ. आता ओरडायचं कारण उरलं नाही."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

टेप मी ऐकली नाही. नियम म्हणजे नियम. आमचं तबकड्यांचं लेबल निघालं तेव्हापासून एकच पद्धत — तो करणार, मी ऐकणार, आणि तेही पहिली नमुना-तबकडी हातात आल्यावर. घरी नाही, दुकानात नाही. क्लबातल्या मोठ्या भोंग्यांवर, रिकाम्या फ्लोअरवर मधोमध उभं राहून. त्याआधी मी तळघरात पाऊलही टाकत नाही. तो म्हणतो, "करणाऱ्याला स्वतःची घाण दिसत नाही. दुसऱ्याचे कोरे कान लागतात." मी पास म्हटलं तर छापायची. नापास म्हटलं तर परत. आजवर त्याने माझ्या नापासवर एकदाही वाद घातला नाही. रुसतो, पण वाद नाही.

१६ मार्च

टेप स्टॅनकडे पोचवली. तो हॅमट्रॅमकला आपल्या गॅरेजात बसून टेपवरून तबकडीची खोबण कोरतो. म्हातारा झालाय, पण हात स्थिर. आर्डेलचं विचारलं. मी सांगितलं. त्याने टेपचा डबा दोन्ही हातांनी धरला आणि नाक शिंकरायला आत गेला.

तबकड्या छापायच्या कारखान्यात रांग मोठी आहे. नमुना यायला मे उजाडेल.

२९ मार्च

घरी नर्स यायला लागली. जॉयलीन नाव. बडबडी आहे. आर्डेलला म्हणते, "काय राजे, आज दाढी करायची की जंगल राखायचं?" तो हसतो. माझ्याशी बोलताना तिचा आवाज बदलतो. मला दारापर्यंत नेऊन म्हणाली, "ताई, उन्हाळ्याचे बेत फार आखू नका."

मी बेत एकच आखलाय. ती तबकडी त्याच्या हातात पडली पाहिजे. पाकिटात घातलेली, छापील, दुकानात भिंतीवर लागते तशी. बाकी देवाकडे काही मागत नाही.

११ एप्रिल

खायचं बंद. सूप फक्त.

२ मे

रने फोन करते रोज. "आई, येऊ का?" पोटच्या पोरीला सांगितलं, नोकरी सांभाळ, मामा ठीक आहे. खोटं बोलायला आता जड जात नाही.

१२ मे

नमुने आले! पाच. कोरी पांढरी पाकिटं. दुकान बंद करून थेट डेलरॉयच्या क्लबात. दुपारची वेळ, खुर्च्या टेबलांवर उलट्या, फरशी पुसणारी बाई कोपऱ्यात. डेलरॉयने तबकडी लावली आणि बाजूला झाला.

पहिली बाजू — काय लिहू! आर्डेलने आयुष्यात एवढं चांगलं काही केलं नव्हतं. फरशी पुसणारी बाई फडकं हातात धरून उभीच राहिली. मला रडू आलं. आलं तर आलं.

दुसरी बाजू. तीही तशीच. मग मध्यावर ढोल थांबतात, नुसता एक लांबलचक सूर उरतो, आणि तिथे — टक-टक. जरा थांबून, टक. धातूसारखा, कडक. भोंग्यांतून कानशिलावर बसला. मला वाटलं धूळ. सुई पुसली. पुन्हा तिथेच. दुसरा नमुना लावला, तिसरा. सगळ्यांत तेच, त्याच जागी.

डेलरॉय म्हणाला, "असू दे ना. नाचताना कोणाच्या लक्षात येतंय?"

"माझ्या येतंय."

"नीटा, वेळ बघ कुठली आहे."

वेळ मला ठाऊक नाही होय! त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्याने तबकडी उतरवून पाकिटात घातली.

१३ मे

स्टॅनला फोन. म्हणाला, "मी टेपवर होतं तेच कोरलं. ते टेपवरच आहे."

म्हणजे टेपच खराब. जुन्या वापरलेल्या टेपा घ्यायची आर्डेलची खोड कधी सुटली नाही. स्टॅन म्हणतो, तेवढा तुकडा ब्लेडने कापून जोडता येईल, ढोल नाहीत तिथे, कळणारही नाही. पण पुन्हा कोरायचं म्हणजे कारखान्यात पुन्हा रांगेच्या शेपटाला.

"आधी आर्डेलला विचार," म्हणाला.

काय करू? पास म्हटलं तर जूनमध्ये तबकडी त्याच्या हातात. पण त्याच्या शेवटच्या कामात खोट ठेवून? ज्याने आयुष्यभर एका करकरीसाठी अख्खी खेप परत पाठवली, त्याच्या? दुकानात कोणीतरी पोरगा ऐकून म्हणेल, 'म्हाताऱ्याचे कान गेले होते.' हे मी ऐकून घेणार नाही.

१४ मे

विचारलं त्याला. आता बोलायला त्रास होतो, एकेक शब्द दम घेऊन येतो. मी म्हटलं, "सगळं फर्स्ट क्लास आहे. दुसऱ्या बाजूला तेवढी खोट आहे. ढोल थांबतात तिथे. टकटक."

एकदम डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी नीट बघितलं माझ्याकडे.

"ऐकलंस तू?"

"ऐकलं तर! तीनदा."

हसला. किती वेळ हसतच होता, मग खोकला आला, जॉयलीन धावत आली. शांत झाल्यावर मी म्हटलं, "स्टॅन तेवढं कापून देतो म्हणतो. उशीर होईल. कापू?"

खिडकीकडे तोंड करून पडला. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "तुला नको?"

"मला कशाला हवं असेल ते? नापास."

"मग काप."

वाद नाही घातला. कधीच घालत नाही. मनावरचं ओझं उतरलं.

१५ मे

नापास नमुने फोडले. ही पण त्याचीच शिस्त — खोट असलेला माल बाहेर फिरता कामा नये. त्याच्या खोलीतच बसून फोडले, त्याला आवडतं म्हणून. गुडघ्यावर ठेवून कडाकड. शेवटचा उरला, तर बोट उचलून म्हणाला, "एक ठेव."

"वा रे वा! नियम तुझा आणि आता तूच?"

फोडला. तुकडे पिशवीत भरून कचऱ्यात टाकले. हाताला लागलं जरा. रक्त यायचं थांबेना, बोट सुजलं, जॉयलीनने साबण लावून आईची अंगठी काढून दिली.

२ जून

कारखान्याला रोज फोन करते. ती मुलगी आता माझा आवाज ओळखते. "मावशी, तुमची खेप पुढे ढकलता आली असती तर ढकलली असती."

१९ जून

आज मला नावाने नाही, आई म्हणून हाक मारली त्याने. मीही आईसारखंच उत्तर दिलं. काय करणार!

२४ जून

आर्डेल गेला. दुपारी. मी सूप गरम करायला उठले होते.

२५ जून

काही नाही लिहायला.

३० जून

दफन झालं. केवढी माणसं! ज्यांच्याशी तो वर्षानुवर्षं बोलत नव्हता ते पण रडत होते, ढोंगी मेले. चर्चच्या तळघरात बायकांनी कोंबडी, भाजी, रताळ्याचे केक मांडले. मी ताट वाढून घेतलं आणि तसंच ठेवून आले. स्टॅन कोपऱ्यात उभा होता. माझा हात धरून म्हणाला, "वेळेत नाही झालं गं." मी म्हटलं, "पण नीट झालं." त्याने माझा हात हळूच सोडला.

रने राहणार आहे थोडे दिवस.

२२ जुलै

नवे नमुने आले. डेलरॉयकडे गेले, मधोमध उभी राहिले. दुसरी बाजू अगदी स्वच्छ. ढोल थांबतात, सूर सरळ वाहतो, ढोल परत येतात. पास.

घरी सांगायला कोणी नव्हतं.

९ सप्टेंबर

तबकडी आली. भिंतीवर मधोमध लावली. चिठ्ठी लिहायला बसले तर हात चालेना, शेवटी नुसतं 'आर्डेल' लिहिलं. दुपारपर्यंत खप जोरात. एक डीजे म्हणाला, "काकू, दुसऱ्या बाजूला ढोल थांबतात ना, तिथे काहीतरी येणार असं वाटतं आणि येतच नाही. जीव कासावीस होतो. कमाल आहे!"

१३ सप्टेंबर

रने सुट्टी काढून पुन्हा आलीय. आईची अंगठी तिला देऊन टाकली. माझं बोट अजून सुजलेलंच आहे, आणि तिला हवीच होती लहानपणापासून. लगेच घातली. शोभते.

उद्या तळघर आवरायला घ्यायचं. यंत्रं न्यायला रविवारी माणसं येणार आहेत. इतकी वर्षं त्याचं काम चालू असताना खाली गेले नाही, आता काम नाही तर जायला हरकत कोणाची?

१४ सप्टेंबर

खाली त्याच्या खुर्चीत बसले होते. यंत्रावरची धूळ पुसत होते. माइक पाइपाशेजारीच टांगलेला, तोंड पाइपाकडे. मनात म्हटलं, कसला हा वेंधळेपणा.

वर रनेने जेवायला हाक मारली. आमच्या घरची रीत — स्वयंपाकघरातल्या पाइपवर अंगठी. आई मारायची तशी, मी मारते तशी.

टक-टक. जरा थांबून, टक.

आयुष्यभर ते वरून वाजवलं. खालून कसं ऐकू येतं ते आज कळलं.

"तुला नको?" म्हणाला होता. मी ओळखलं, आणि तरी नको म्हटलं, असंच समजून गेला तो.