अंकुशबद्दल विचारायचं होतं

२० जानेवारी २०२५, सोमवार

अंकुशचा फोटो पेपरात! कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसानं पुरवणी उघडली आणि त्याच्या खांद्यावरून मला अंकुश दिसला. हाताची घडी घालून उभा, मागे मिरचीच्या पोत्यांची थप्पी. हिंगणा येईपर्यंत मी तेवढंच पान वाचत राहिलो. तो माणूस पान उलटायला लागला तेव्हा म्हणालो, जरा थांबा ना भाऊ. त्याला वाटलं मी नोकरीची जाहिरात पाहतो आहे.

बातमी अशी — बंगळुरूचा एक फंड अंकुशच्या कंपनीत साडेतीन कोटी घालायच्या विचारात आहे. कंपनी म्हणजे रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या. तिथला स्विचबोर्ड मी बसवला आहे. ते अर्थात बातमीत नाही.

घरी बायकोला, प्रेमिलाला सांगितलं नाही. तिला संध्याकाळी शेजारणीकडून कळलंच. म्हणाली, "चांगलं झालं बापा. लय फिरला तो." मी जेवण अर्धवट सोडलं. पोट बिघडलं असं सांगितलं.

२१ जानेवारी

एकदा नीट लिहून काढतो. डोक्यात फिरायचं तरी थांबेल.

आमच्या भिवापूरकडची मिरची कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्‌महिने पडून असते. माल कुणाचा, पोती किती, ओलावा किती — सगळं तिथल्या वहीत. वहीत कुणीही खाडाखोड करतं, मग भांडणं. अंकुशची कल्पना अशी की थप्पीत एक डबी ठेवायची. ती दर तासाला ओलावा मोजणार आणि आकडा थेट ब्लॉकचेनवर टाकणार. म्हणजे अशी वही, जिच्या प्रती शेकडो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी असतात आणि जिच्यातलं काही खोडता येत नाही. त्या पोत्याचं एक टोकन, म्हणजे मालकीची डिजिटल पावती, निघते. इतवारी बाजारातला व्यापारी माल जागेवरून न हलवता ते टोकन विकू शकतो.

कल्पना त्याची. डबी माझी. पाच वेळा बनवली, चार वेळा मिरचीच्या धुळीनं मेली.

कंपनीच्या कागदावर माझे आठ टक्के शेअर होते. अट एकच — वर्ष पुरं केलं तर ते माझे. नंदिनी म्हणते, "बाबा, सगळ्याच स्टार्टअपमध्ये असं असते." मी अकराव्या महिन्यात सोडलं. इथल्या कारखान्यातून कायम नोकरीचं पत्र आलं होतं. अंकुश म्हणाला होता, "एक महिना थांब गा लहान्या. एकच." मी म्हणालो, पत्राची तारीख निघून जाते.

मला कुणी फसवलं नाही. फसवलं असतं तर बरं झालं असतं. रागवायला जागा तरी मिळाली असती.

२५ जानेवारी

अंकुश घरी आला. पेढे घेऊन नाही — अजून काही पक्कं नाही म्हणे. नुसताच आला, चहा प्यायला. माझ्या खुर्चीत बसला. आमच्या घरी तो पूर्वीपासून त्याच खुर्चीत बसतो, आज मला ते खटकलं.

प्रेमिलानं विचारलं, "ते लोक पाहतात तरी काय हो भाऊजी? तुमची कंपनी तं अजून कमावून नाई राहिली."

"तेच तं गंमत आहे वहिनी. ते दहा ठिकानी पैसे टाकतात. नऊ बुडतीन हे धरूनच टाकतात. एक असी पायजे का तिनं बाकी नवाचं भरून काढावं. म्हून ते धंदा कमी पाहतात अन्‌ मानूस जास्त पाहतात."

"मंग तुमच्यात काय पाहलं?"

"ते मलेबी समजून नाई राहिलं," म्हणाला आणि हसला. तो हसला की सगळे हसतात. नंदिनीसुद्धा.

सातवीत हा माणूस गणितात नापास झाला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्या शेजारी बसून माझ्याच वहीतून उतरवायचा, आणि तरी नापास. गुरुजींनी विचारलं की उभा राहून बिनधास्त चुकीचं उत्तर द्यायचा. मला बरोबर उत्तर यायचं, पण मी उभा राहायचो नाही. फंडवाल्यांना बहुतेक तेच दिसलं असेल.

२८ जानेवारी

सकाळच्या वंदनेत शेवटी सर्व प्राणी सुखी होवोत असं म्हणतो. तीस वर्षं म्हणतो आहे. आज मन म्हणालं, एक सोडून.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. मी कामावर होतो, पॅनेल उघडलेलं.

"लहानूजी बोलताय का? मी मुग्धा. फंडातून बोलतेय. अंकुशजींबद्दल थोडं विचारायचं होतं. वेळ आहे?"

पुण्याकडचं स्वच्छ मराठी. पैसे घालण्याआधी हे लोक त्या माणसाच्या जुन्या सोबत्यांना फोन करतात. त्यानं दिलेल्या नावांना तर करतातच, न दिलेल्यांनाही. मी कोणत्या यादीत होतो ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पंप हाऊसमागे जाऊन उभा राहिलो. तिनं विचारलं, किती वर्षं ओळखता? पैशाच्या बाबतीत कसे आहेत? चिडतात का? कंपनी तुम्ही का सोडलीत? परत त्यांच्याबरोबर काम कराल का? मी म्हणालो, "पाहावं लागेल." तिकडे कीबोर्डचा आवाज.

मग म्हणाली, "ऑक्टोबर दोन हजार बावीसमधल्या डेमोच्या दिवशी ब्लॉकचेनवर बेचाळीस नोंदी आहेत. आमच्या इंजिनिअरचं म्हणणं आहे की मिरची इतके सरळ आकडे देत नाही. तुम्हाला काही माहीत आहे?"



त्या दिवशी व्यापारी बघायला येणार होते आणि सकाळीच माझ्या सातही डब्या बंद पडल्या. आत दव साचलं होतं. अंकुश पाहुण्यांना घेऊन समोर उभा. मी मागच्या खोलीत लॅपटॉपवर सहा तास, दर तासाला सात आकडे, माझ्या मनानं भरले. अकरा पूर्णांक दोन, अकरा पूर्णांक तीन. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं. त्यानं एक डबी उघडून आत पाहिलं. मग म्हणाला, "आता ते खोडताबी येत नाई ना गा." नंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

मी मुग्धाबाईंना म्हणालो, "त्या दिवशी डब्या बंद होत्या. आकडे हातानं भरलेले आहेत."

"कोणी भरले?"

"अंकुश सगळं पाहत होता," मी म्हणालो.

तिकडे पुन्हा कीबोर्ड वाजला.  मग तिनं आभार मानले.

यातला एकही शब्द खोटा नाही. तो पाहतच होता — पाहुण्यांना.

२ फेब्रुवारी

झोप चांगली लागली. हेच वाईट वाटतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अंकुश आला. यावेळी खुर्चीत बसला नाही, दारातच उभा राहिला. मी म्हणालो, ये ना. म्हणाला, पाय भरले आहेत, चपला काढवत नाहीत. दोन वर्षं स्कूटरवर फिरून त्याच्या पायांवर सूज येते. हे मला माहीत नव्हतं.

"थांबोलं त्याईनं," म्हणाला.

"काहून?"

"ते बेचाळीस आकडे. म्हणतात का मी मुद्दाम भरोले. फसवणूक म्हणतात गा त्याले."

"तू काय सांगितलं?"

"मी म्हनलं, कंपनी माझी, जबाबदारी माझी. कोनं भरले ते नाई सांगतलं. काहून सांगू?"

प्रेमिला पाणी घेऊन आली. म्हणाली, "पन मंग ज्यानं भरले त्यानं सांगावं ना." तिला माहीत नाही. अंकुशनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणी प्यायला, गिलास धुवून ठेवायला निघाला, तिनं हातातून घेतला.

जाताना म्हणाला, "दोन पोरं आहेत ऑफिसात. त्याईचा पगार मार्चपर्यंत पुरते. मंग पाहू."

तो जिना उतरत होता तेव्हा मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण इथं खोटं लिहून कुणाला दाखवायचं आहे? पहिल्या मजल्यापर्यंत बरं वाटत होतं. मग त्याच्या स्कूटरला तीन किका मारूनही ती सुरू होईना, तसं ते बरं वाटणं गेलं.

९ फेब्रुवारी

नेमका हेवा कशाचा करतो मी? पैशाचा म्हणावं तर त्याच्याजवळ अजून पैसा नाही. दोन वर्षं पगार नाही, बायकोच्या शिवणावर घर चाललं. माझ्याकडे पीएफ आहे, दिवाळीला बोनस आहे.

त्यानं एक महिना जास्त धीर धरला, त्याचा करतो. तोच एक महिना. तो पुढेही धरतच राहिला. मला कुणी साडेतीन कोटी देऊ केले तर मी आधी पावती मागीन.

बेचाळीस आकडे मी भरले ते भीतीपोटी. एकेचाळिसावा, बेचाळिसावा भरताना तर सवय झाली होती. फोनवरचं ते एक वाक्य मात्र भीतीपोटी नव्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार, माघ पौर्णिमा

रजा टाकली. सकाळी विहारात गेलो. पंचशील घेताना चौथ्याला माझा आवाज निघाला नाही. खोटं बोलण्यापासून दूर राहीन — एवढंच तर म्हणायचं असतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं मला खोकला आहे. त्यांनी पदराची गाठ सोडून लवंग दिली.

बाहेर येऊन, चपला घालायच्या आधीच, फोन लावला.

"मुग्धाताई, मी लहानू. ते बेचाळीस आकडे मी भरले. अंकुशला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी त्याला काही माहीत नव्हतं."

"तुम्ही म्हणाला होतात की ते सगळं पाहत होते."

"म्हणालो होतो."

"का म्हणालात?"

मी म्हणालो, "त्याचं चांगलं होऊन राहिलं होतं ना, म्हणून."

  मग म्हणाली, "हे लेखी द्याल?"

विहाराच्या पायरीवर बसून मेल लिहिला. मराठीतच. सात ओळी. तारीख, वेळ, किती डब्या, किती आकडे, कोणी भरले, का भरले, आणि पहिल्या फोनवर मी काय बोललो ते. खाली पूर्ण नाव. पाठवल्यावर ती लवंग अजून मुठीतच होती, ती खाल्ली.

घरी येऊन प्रेमिलाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी तो उपाशी गेला माझ्या दारातून." माझ्याशी अजून बोलत नाही.

पण मन हलकं आहे. आज थोडा अभिमानसुद्धा वाटतो आहे स्वतःचा. तो वाटू नये, पण वाटतो.

१५ फेब्रुवारी

अंकुशचा मेसेज: "झालं गा. सही सोमवारी." नंदिनीनं मोठ्यानं वाचून दाखवला. मला खरंच आनंद झाला. मी तपासून पाहिलं, आत कुठं काही टोचत नव्हतं. अंगठ्याची खूण पाठवली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अंकुश आला, हातात पेढे, तोंड उतरलेलं. खुर्चीत बसला. म्हणाला, "लहान्या, तुले सांगाचं होतं पन त्याईनं तोंड बंद ठेवाले लावलं होतं. मी त्याईच्या कागदात तुहे आठ टक्के परत टाकले होते. डब्याचं सारं काम तूच पाहशीन, नोकरी सोडून ये, असं ठरोलं होतं. तो पयला फोन तुलेच पारखाले होता, माह्यं नाव नुसतं निमित्ताले. माह्यी चौकशी तं त्याईची कवाचीच झाली होती." मग हळूच म्हणाला, "तुहा मेल आला अन्‌ त्याईनं तुहं नाव काढलं. मी दोन दिवस भांडलो. नाई आयकलं गा. मंग मी सही केली."

मी म्हणालो, बरं केलंस. पेढा घेतला.

आता एकच विचारतो स्वतःला. त्या पायरीवर हे माहीत असतं, तर फोन लावला असता का? तासभर झाला, पान समोर आहे. हो असं लिहिता येत नाही.