मुकी पट्टी

३ नोव्हेंबर २०२५

केशर परवा गेली. झोपेतच. आज पहाटे उठलो, दाढी केली, बुटाला पॉलिश केलं. जायचं कुठंच नव्हतं! फौज सोडून एवढी वर्षं झाली तरी हात आपोआप चालतात. डोळे कोरडे.

शेजारची नंदाबाई ओट्यावर कुणाला तरी सांगत होती — "फौजी माणूस, बाई. काळजाचा दगड." मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. म्हणू दे. खोटं काय आहे त्यात?

४ नोव्हेंबर

जेवलो. भाजीला मीठ होतं की नव्हतं, सांगता येणार नाही.

५ नोव्हेंबर

पायल आल्यापासून माझ्याशी धड बोलत नव्हती. वाटूरला सासर, पण आईच्या मातीपासून इथंच आहे. आज चहा गाळता गाळता फुटली — "पप्पा, आईसाठी एक टिपूस न्हाई काढलं तुम्ही. जीव तरी होता का तिच्यावर?" मिथुन तिच्या अंगावर ओरडला, "ताई, गप बस!" मी कप घेऊन बाहेर आलो.

पोरगी काही चूक बोलली नाही. दिवसभर तेच डोक्यात. कारगिलला बाजूचा जोडीदार पडला तेव्हाही रडलो नव्हतो. वाटलं, आता वेळ नाही, घरी गेल्यावर रडू. घरी आलो. राहूनच गेलं. त्यानंतर आई गेली, बाप गेला — कोरडाच. पण केशर म्हणजे केशर! तिच्यावरही जीव नव्हता म्हणायचं? खरंच कळत नाही. मरणाची भीती कधी वाटली नाही, याची वाटते.

७ नोव्हेंबर

रविवारी केशरचं पुण्यानुमोदन. कचरू आला होता, आमच्या गायन पार्टीचा ढोलकीवाला. म्हणाला, "हवालदार, पेटी तुम्हीच धरायची. वहिनीसाठी दुसरा कोण वाजवील?" बरं म्हटलं.

पेटी काढली. धुळीचा कण नाही. दरवर्षी जयंतीच्या आधी पेटी खोलायची, झाडायची, पुसायची, हे काम केशरचं. मला जवळ येऊ द्यायची नाही — "तुमच्या हाताला बंदूक कळती, पेटी न्हाई!" सगळे सूर बराबर. फक्त वरची एक काळी पट्टी मुकी. ती जुनीच मुकी आहे.

लढाईनंतरच्या पहिल्या सुट्टीतली गोष्ट. भीमजयंती, गावात स्टेज. वाजवता वाजवता ती पट्टी दाबली. बारीक, टोचरा सूर. तोफेचा गोळा डोक्यावर येतो तेव्हा अशीच शीळ वाजते. पेटी ढकलून मी स्टेजवर पालथा, दोन्ही हात डोक्यावर! लोक पोट धरून हसले. "हवालदारानं लावली रे!" तेव्हा मी थेंबही घेत नव्हतो. केशर मागं कोरसमध्ये होती. ती तेवढी हसली नाही.

पुढच्या सुट्टीत आलो तर ती पट्टी बंद पडलेली. म्हटलं, बरं झालं, पेटी म्हातारी झाली. तेव्हापासून गाण्यात ती जागा आली की केशर मागून गळ्यानं तो सूर लावायची. तिच्या गळ्यातून तो कधी टोचला नाही. लोकांना वाटायचं, ही या पार्टीची खासियत. पैसे फेकायचे!

९ नोव्हेंबर

झालं. भन्तेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं. वडीगोद्रीची, अंकुशनगरची माणसं होती. रमाईवरचं तिचं आवडतं गाणं घेतलं. चाल वर चढली, बोट सवयीनं मुक्या पट्टीवर गेलं — नुसता भाता हलला. मागून कुणी आलं नाही. कचरूनं ढोलकी वाढवून कशीबशी वेळ निभावली. पुढच्या कडव्यालाही तेच.

बाया पदर लावून रडत होत्या. पायल तर उठूनच गेली. मी शेवटपर्यंत तालात. काय उपयोग!

नंतर पाणी पिताना कचरू हळूच म्हणाला, "तिथं वहिनी असायच्या." माहीत आहे, म्हटलं.

१० नोव्हेंबर

रस्त्यानं दिवसभर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. एकेकीवरचं गाणं कान फोडणारं. मला काहीच वाटलं नाही.

११ नोव्हेंबर

पायल वाटूरला गेली. पाया पडली, तोंडाकडे पाहिलं नाही.

मिथुन म्हणतो, "जालन्याला नेऊन पट्टी दुरुस्त करू, पप्पा. आता आई न्हाई तिथं म्हणायला." शहाणा आहे. मी दर साली म्हणायचो, नेऊ या पेटी. केशर दर साली आडवी यायची — "कशाला फुकट खर्चा? मी हाय ना!"

१३ नोव्हेंबर

जालन्याला गेलो. राधेश्याम पेटीवाल्यानं पेटी खोलली. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला. "काका, सूर ठणठणीत हाय. कोणी मुद्दाम बंद केलाय ह्याला."

सुराच्या पितळी जिभेवर टिकली चिकटवलेली. लाल. केशरची. भोवती जुन्या डिंकाचे डागच डाग. "सुकली की नवी लावत आलेत, दर साली," राधेश्याम म्हणाला. "काढू का?"

"हात लावू नको!" म्हटलं, आणि तिथंच स्टुलावर बसून रडलो. गिऱ्हाईक उभं होतं, तरी रडलो. मिथुननं पायलला फोन लावून माझ्या हातात दिला. फोन तसाच तोंडाजवळ धरला, तिला ऐकू दिलं.