दिलेल्या कापडाचं चित्र

प्रिय मालेता,

तुझी आई हल्ली दुपारी आपल्या बिनभिंतींच्या फालेत चटईवर पडते, समुद्राकडून वारा येत राहतो आणि ती झोपेत रंगवू लागते. उजव्या हाताची तीन बोटं केवड्याच्या सुक्या फळाचा कुंचला धरल्यासारखी एकत्र येतात आणि चटईवरून हलकेच चालतात. मी शेजारी बसून पाहतो. पाहता पाहता चटई नाहीशी होते, तिथे तुतीच्या सालीचं नुकतं कुटून पसरलेलं ओलसर सियापो कापड दिसू लागतं आणि त्याच्यावर वाकलेली ती एकोणीस वर्षांची असते. मग तिलोमाई मावशीचा आवाज येतो, "भावजी, बायकोकडे टक लावून बघायचं वय गेलं तुमचं. तारोचे कंद सोलायचेत." तुझ्या मावशीला स्वप्नांचा पहिल्यापासून तिटकारा.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्या थंड शहरातल्या संग्रहालयात तुझ्यासमोर आईचं कापड टेबलावर उलगडलं, पडदे ओढलेले होते, हातात मोजे होते, आणि तू तासभर तिथे एकटी होतीस. तो भाग तिने पुन्हा वाचायला लावला. त्याच्यापुढचा भाग मात्र तिने एकदाच ऐकला. बघायला मोकळीक, पण त्याचं चित्र पुस्तकात छापायचं तर दर. आतल्या पानासाठी एक, मुखपृष्ठासाठी दुसरा, संगणकावर कुणी वाचणार असेल तर तिसरा. तुझ्या शिष्यवृत्तीत तो बसत नाही, म्हणून तू पुस्तकच अडवून धरलंस. "ते चित्र आईने बघितल्याशिवाय मी पुस्तक सोडणार नाही," असं तू लिहिलंस. प्रकाशक कंटाळत चालला आहे हेही लिहिलंस, पण अगदी बारीक अक्षरात.

मालेता, ते कापड आपण दिलेलं आहे. तिलोमाईचा पाय ज्या परदेशी डॉक्टरने वाचवला, त्याच्या खांद्यावर तुझ्या आईने स्वतःच्या हाताने ते घातलं. त्याच्याकडून ते त्या संग्रहालयात गेलं. दिलेलं आपण परत मागत नाही, आणि आजही मागणार नाही. पण देणगीची सावली विकायचा अधिकार त्यांना कुणी दिला? दिव्याचा आणि कॅमेऱ्याचा खर्च एकदा घ्या, मी समजू शकतो. पण जो जो अभ्यासक येईल त्याला पुन्हा दारात उभं करायचं? अशाने ज्याचं चित्र परवडतं त्याच्यावरच लोक लिहितील. श्रीमंतांच्या भिंतींवरची चित्रं पुस्तकापुस्तकांतून झळकतील आणि आपल्या बायकांनी जे केलं ते खणात मिटून राहील. कुलूप लावून कुणी कलेची राखण करत नसतं. तो फक्त तिचा विसर पाडत असतो.

दर माफ करा म्हणून तू लिहिलंस तर त्यांनी तुला उत्तरात माझंच भाषण पाठवलं, हे ऐकून मावशी खाली बसून हसली. गेल्या वर्षी संग्रहालयाच्या बाई गावात आल्या तेव्हा गावचा वक्ता म्हणून काठी टेकून मी स्वागताला उभा राहिलो होतो. वक्त्याने पाहुण्यापुढे आपली वस्तू लहान करायची आणि त्याचं घर मोठं करायचं, ही आपली रीत. डुक्कर भाजून पुढे ठेवलं तरी आपण म्हणतो, घास कोरडा आहे, माफी असावी. तसंच मी म्हणालो, "आमचं एक फाटकं फडकं आपल्या महालात आहे. त्याला आपण आसरा दिलात. ते आपलंच आहे, आम्ही कोण?" आता कुणी सभ्य माणूस असता तर उठून म्हणाला असता, छे छे, ते तुमचंच आहे, आम्ही नुसते राखणदार. बाईंनी ते टिपून घेतलं. आणि आता कुटुंबप्रमुखाने हक्क मान्य केल्याचा तो पुरावा झाला. मावशी म्हणते, "बोला अजून गोड. पुढच्या पाहुण्याला बेटही देऊन टाका." मला ते शब्द बोलल्याचा पश्चात्ताप नाही. उद्या त्या आल्या तर मी तेच बोलेन आणि उत्तर कसं द्यायचं असतं तेही शिकवेन.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मागच्या महिन्यात मी आईला राजधानीत, आपियाला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, आणि तोही पावसाळ्यापर्यंत राहील असं ते म्हणत नाहीत. तुला सांगायचं नाही असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. ते वचन मी आज मोडतो आहे, कारण तिच्यासाठी तू जे चित्र मिळवू पाहतेस ते तिला दिसणार नाही, आणि तिच्यापायी पुस्तक मात्र मरेल. पुस्तकातली त्या चित्राची जागा कोरी सोड. ती कोरी का आहे ते खाली स्पष्ट लिही आणि छापायला दे, म्हणजे पुढच्या मुलीला भांडायला काहीतरी हाताशी असेल. आणि घरी ये. आम्हा म्हाताऱ्यांच्या आठवणीत त्या कापडाचे रंग केव्हाच बदलून गेलेत. ते आज कसं दिसतं ते आपल्या घरात फक्त तुला ठाऊक आहे. तिच्याजवळ बस, एका कोपऱ्यापासून सांगायला लाग आणि घाई करू नकोस, कारण ती थांबवून विचारणार आहे की तपकिरी किती उतरला, कडेची रेघ सरळ राहिली की नाही. मी म्हटलं होतं, तोवर मी वर्णन करतो. तर म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही सांगायला लागलात की त्यात सगळा समुद्र येईल, आणि माझं कापड तेवढं राहून जाईल."

तुझाच,
या एका कामापुरता गप्प बसवलेला
बाबा