राहिलेली चार मिनिटे परत मिळणेबाबत

दिनांक : २७ नोव्हेंबर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
दूरसंचार ग्राहक सेवा विभाग,
तिसरा मजला, लिफ्टच्या डाव्या हाताचे दालन.

अर्जदार : निवृत्त निरीक्षक, वजने व मापे. राहणार शिंपीकाकांच्या दुकानावरचा मजला.
गैरअर्जदार : घरगुती इंटरनेट पुरवणारी कंपनी. (नाव-पत्ता सोबतच्या बिलावर आहे.)

विषय : दिनांक १८ रोजी दुपारी चार बारा ते चार सोळा या वेळेत माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीने केलेले व कंपनीच्या वाहिनीत अडकलेले बोलणे शोधून परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) कंपनीकडे नोंदवलेल्या माझ्या सतरा तक्रारी.
२) त्या सतराही तक्रारी 'ग्राहकाच्या समाधानाने बंद' झाल्याचे कंपनीचे सतरा संदेश.
३) समाधान झाले नसल्याचे माझे सतरा फोन.

महोदय किंवा महोदया,

आपल्या दालनाबाहेरच्या पाटीवर फक्त हुद्दा आहे, नाव नाही. पाटीवर नाव का लावत नाहीत हे मी सरकारी नोकरीत राहिलेलो असल्याने मला ठाऊक आहे. तूर्त तो विषय बाजूला ठेवून पुढील हकिगत सादर करतो.

१. मी एकतीस वर्षे वजनमापांचा निरीक्षक होतो. तराजू, लिटरची मापे, कापड मोजायच्या पट्ट्या यांची तपासणी करून त्यांवर शिक्का मारणे हे माझे काम. कोणी 'पूर्ण आहे' म्हणाले की ते मोजून बघितल्याशिवाय माझा हात शांत बसत नाही. हे आधीच कळवण्याचे कारण असे, की पुढील मजकुरात जो संशय दिसेल तो धंद्याचा आहे, स्वभावाचा नव्हे. पत्नीचे मत याबाबत वेगळे आहे.

२. पत्नीला चाळिशीत आलेल्या दुखण्यानंतर दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून ती सगळे समजते आणि स्वतः व्यवस्थित बोलते. साध्या फोनचा तिला काडीचा उपयोग नाही. तिची थोरली बहीण, जिला आम्ही दोघेही ताई म्हणायचो, दूरगावी राहायची. रोज दुपारी चार वाजता पत्नी टॅबलेट पुढ्यात घेऊन बसायची आणि पडद्यावर ताईंचे ओठ बघून दोघींच्या गप्पा चालायच्या. घरात इंटरनेट घेतले ते या एकाच कामासाठी.

३. कंपनीच्या विक्रेत्या बाईंना मी स्वच्छ सांगितले होते की मला नुसते इंटरनेट हवे. त्या म्हणाल्या, "नुसतं नेट आम्ही देत नाही काका. 'आनंदी परिवार महासंच' घ्या, त्यात सगळंच येतं." सगळ्यात काय आले? अमर्याद फुकट बोलण्याचा घरचा फोन, तीनशे बारा वाहिन्यांची पेटी आणि हुकूम दिला की गाणे लावणारा एक डबा. म्हणजे ज्या घरात एकीला ऐकू येत नाही आणि दुसरा (पुन्हा पत्नीच्या मते) ऐकून घेत नाही, त्या घरात बोलणारी तीन यंत्रे आली. फोन काढून न्या म्हटल्यावर उत्तर मिळाले की फोन काढला तर संच महाग पडेल. साखर हवी तर मीठही घ्या म्हणणाऱ्या दुकानदारांना मी नोकरीत वठणीवर आणले आहे. पण मीठ परत केले तर साखर महाग, असे म्हणणारा दुकानदार मला प्रथमच भेटला. कंपनीवरचा माझा संशय त्या दिवशी सुरू झाला.

४. पहिल्या महिन्यात तेरा तारखेपर्यंत चित्र झकास होते. त्यानंतर ताईंचा चेहरा चौकोन चौकोन होऊ लागला. पत्नी म्हणाली, "ताई विणकामाच्या नमुन्यासारखी दिसते." चौकोनांचे ओठ वाचता येत नाहीत. एक तारीख आली, चित्र सुधारले. तेरा-चौदा तारीख आली, पुन्हा बिघडले. नवे गिऱ्हाईक बांधले जाईपर्यंत पुरते माप द्यायचे आणि मग हात आखडायचा, ही तऱ्हा मला चांगली ओळखीची आहे.

५. तोवर मी वेगाची मोजणी करीत होतो, पण ती सुटी. दिवसातून वीसपंचवीस वेळा, वहीत न मांडता. (बटण दाबले की काटा वर चढून इंटरनेटचा वेग दाखवतो अशी सोय सर्वांना उपलब्ध आहे.) तिसऱ्या महिन्यापासून मात्र रीतसर वही घातली. सकाळी सात ते रात्री नऊ, दर पाव तासाला, माझा मोबाईल आणि पत्नीचा टॅबलेट या दोन्हींवर, कारण एकच साधन फितूर असू शकते. वहीत रकाने आखले : वेळ, कबूल केलेला वेग, मिळालेला वेग, हवामान, शेरा, सही. त्या महिन्यात चित्र तेराऐवजी नऊ तारखेलाच बिघडले. मी मोजतो आहे हे कंपनीला कळले असून ती माझ्यावर सूड उगवते आहे, असा निष्कर्ष मी काढला. चौथ्या महिन्यात दर पाच मिनिटांनी मोजू लागलो. चित्र सहा तारखेला बिघडले. माझा निष्कर्ष पक्का झाला.

६. या काळात मी इतरांवरही संशय घेतला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. खालचे शिंपीकाका माझे इंटरनेट परस्पर ओढतात असे मला आठवडाभर वाटत होते. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे हे नंतर समजले. मी माफी मागितली, त्यांनी ती तोंडात टाचण्या धरूनच स्वीकारली, आणि तेव्हापासून माझ्या विजारी कमरेत घट्ट होत आहेत. हा योगायोग असू शकेल. इंटरनेटच्या पेटीवरचा हिरवा दिवा सदा सुखी माणसासारखा जळत असतो, त्याच्यावरही माझा विश्वास नाही. पेटीशेजारची पत्नीची कुंडी मी गच्चीत हलवली होती. ती तिने दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली.

७. कंपनीचा माणूस तीन वेळा आला. तो नेहमी शिडी घेऊन येतो आणि तिचा उपयोग करताना मी त्याला पाहिलेले नाही, म्हणून आम्ही त्याला शिडीवाला म्हणतो. तिन्ही वेळा तो महिन्याच्या दोन-तीन तारखेला आला. काटा भर्रकन वर चढला, त्याने काट्याचा फोटो काढला, आणि तो जिना उतरायच्या आत तक्रार बंद झाल्याचा संदेश माझ्या मोबाईलवर हजर. निरीक्षकाला दाखवायला खरे वजन गल्ल्यात वेगळे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मी त्याला तसे सांगितलेही. तो म्हणाला, "काका, मला दिवसाला अकरा घरं असतात."

८. आता दिनांक १८. ताई इस्पितळात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे मोठे ऑपरेशन होते. चार वाजता त्यांनी रोजच्यासारखा फोन लावला. त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, फोन उशाला उभा करून औषधे आणायला खाली गेली. पहिली बारा मिनिटे चित्र थांबत थांबत का होईना, चालले. मग ताई म्हणाल्या, "हे बघ, माझं एवढं एक कर..." आणि चित्र थिजले. चार मिनिटे ताईंचे तोंड तसेच अर्धवट उघडे राहिले. मात्र तिकडे त्यांना पत्नी हलती-बोलती दिसत होती, त्यामुळे त्यांना काही कळले नाही. त्या बोलत राहिल्या. पत्नीची एक सवय आहे : समजले नाही तरी मान हलवायची, म्हणजे समोरच्याला पुन्हा पुन्हा बोलण्याचा त्रास नको. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बहिणीला घोर लागू नये म्हणून तिने चारही मिनिटे हसून मान हलवली. चित्र पुन्हा सुरू झाले तेव्हा ताई निरोपाचा हात हलवीत होत्या. आवाज त्या चार मिनिटांत चालू होता की नव्हता हे सांगता येत नाही. पत्नीला तो ऐकू येणे शक्य नव्हते, आणि मी आतल्या खोलीत होतो.

९. ताई ऑपरेशनमधून परत आल्या नाहीत. अंत्यविधीनंतर भाचीने पत्नीला सांगितले, "मावशी, आई त्या संध्याकाळी एकदम निवांत होती. म्हणाली, सगळं सांगून झालं, ती हो म्हणाली." काय सांगून झाले, हे भाचीला माहीत नाही. तिला वाटते, मावशीला माहीत आहे. पत्नीने तिचा गैरसमज दूर केलेला नाही. घरी आल्यापासून ती एकटीच अंदाज बांधते. ताईंचे त्यांच्या भावाशी बोलणे तुटले होते, ते जोडायचे का? भाचीला इकडे घेऊन यायचे का? की एखादे साधेच काम, कुणाची साडी परत करायची? परवा भाजी निवडताना ती मला म्हणाली, "अहो, मी कशाला हो म्हणाले?" महोदय, हा प्रश्न मला सहन होत नाही.

१०. मी कंपनीला फोन केला. फोन लागताच एक आवाज सांगतो की गुणवत्तेसाठी आपले बोलणे मुद्रित करण्यात येत आहे. जी कंपनी माझे रागावणे जपून ठेवते तिने ताईंची चार मिनिटेही ठेवली असतील, ती द्यावीत, असे मी म्हणालो. फोनवरच्या बाई आधी हसल्या. मी सगळे सांगितल्यावर म्हणाल्या, "काका, तसलं काही आमच्याकडे साठत नाही हो. असतं तर मी दिलं असतं." मी त्यांच्यावरही संशय घेणार होतो. पण नेहमी विचारतात तसे त्यांनी शेवटी 'माझ्या सेवेला किती गुण द्याल' असे विचारले नाही.

११. दिनांक २४ रोजी शिडीवाला चौथ्यांदा आला. टेबलावरची मोजणीवही त्याने उघडली, पाने उलटली आणि विचारले, "काका, हे सगळं तुम्ही मोजलंत?" मी अभिमानाने होय म्हटले. तो प्रथमच खुर्चीवर बसला. त्याने सांगितले ते असे : काटा एकदा वर चढवायला पुष्कळ इंटरनेट खर्ची पडते. संचाला महिन्याची मर्यादा आहे, ती बिलाच्या मागे छापलेली आहे. ती संपली की कंपनी वेग उतरवते. "तुम्ही मोजून मोजूनच संपवताय ते. आणि वेग उतरल्यावर मोजायला लागलात, की सगळं त्या मोजणीतच जातं. चित्राला काय उरणार?" तुला कंपनीने पढवून पाठवले आहे, असे मी त्याला म्हणालो. त्याने वाद घातला नाही. "तपासून बघा," एवढेच म्हणाला.

१२. मी तपासले. पत्नी देवळात गेली असताना भाचीला चित्रासह फोन लावायला सांगितले. मोजणी बंद ठेवली : चित्र मळकट, पण चालू, ओठ वाचता येतील इतके. आतल्या खोलीत जाऊन मोबाईलवर मोजणी सुरू केली : चित्र बंद. मोजणी थांबवली : चित्र चालू. असे तीन वेळा केले. मी आतबाहेर का पळतो आहे, असे भाचीने विचारले. तिला खरे सांगितले नाही. एकतीस वर्षे मी पारड्यावर अंगठा टेकवणारे लोक पकडले. या वेळी अंगठा माझा निघाला.

१३. वहीचे पान ६१ बघावे. दिनांक १८. ताईंशी बोलणे चालू असताना चित्र अडखळते आहे हे कंपनीविरुद्ध भक्कम सिद्ध व्हावे म्हणून मी त्या दिवशी आतल्या खोलीत, पेटीजवळ बसून ओळीने मोजण्या घेतल्या : चार बारा, चार तेरा, चार चौदा, चार पंधरा. हवामान : निरभ्र. शेरा : 'वेग अत्यल्प. कंपनीचा अक्षम्य निष्काळजीपणा.' चारही ओळींपुढे माझी सही आहे.

१४. याचा अर्थ कंपनी निर्दोष सुटते असा नाही. तिची मर्यादेची अट मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आहे. मी ती भिंगाखाली वाचली. मर्यादा संपत आल्याचे तिने कधी कळवले नाही, आणि सतरा तक्रारींत माझी वही एकदाही कोणी उघडली नाही. तरी मागणी अशी की कंपनीने नुसते इंटरनेट मागणाऱ्यास नुसते इंटरनेट द्यावे, मर्यादा संपण्याआधी ग्राहकास सांगावे, आणि ग्राहकाच्या सहीशिवाय त्याचे समाधान झाल्याचे जाहीर करू नये. विषयात लिहिलेली चार मिनिटेही शोधायला लावावीत. ती मिळणार नाहीत हे मला आता कळले आहे, पण मागणी खोडण्याची हिंमत झाली नाही.

१५. शेवटची विनंती महत्त्वाची आहे. आपण चौकशी करून या प्रकरणात दोष कोणाचा व किती, हे स्पष्ट अक्षरांत लिहून द्यावे, माझ्याकडचा दोष कमी न करता. ते पत्र माझ्या नावे न पाठवता माझ्या पत्नीच्या नावे पाठवावे. तिला अद्याप यातले काही माहीत नाही. चौतीस वर्षांच्या संसारात ती ओठ वाचू लागल्यापासून मला तिच्यासमोर खोटे बोलता आलेले नाही, आणि हे खरेही बोलता येत नाही. २४ तारखेपासून मी तिच्याशी बोलायचे झाले की कपाटात तोंड घालून काहीतरी शोधू लागतो. माझे काय हरवले आहे, असे तिने दोनदा विचारले. तिसऱ्यांदा ती विचारणार नाही. स्वतःच शोधायला येईल. पत्र त्याआधी यावे. ती वाचत असताना मी तिच्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसेन.

आपला,
अर्जदार की गैरअर्जदार हे आपणच ठरवावे असा,
(सही)
निवृत्त निरीक्षक, वजने व मापे

सोबत :
१) बिल, मागील बाजू वर करून.
२) कंपनीचे सतरा संदेश, छापील.
३) मोजणीवहीचे पान ६१, मूळ. प्रत ठेवलेली नाही.
४) पत्नीचे नाव व पत्ता लिहिलेला पोस्टाचा कोरा लिफाफा, तिकिटासह.