मामाचे एकशेसत्तर व्होल्ट

अमरावती, ४ डिसेंबर

ती. स्व. गोवर्धनमामांस शिवमचा सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेली मापं तुमी मानत नाही, म्हणून कागद. गिटारसाठी जुन्या रेडिओत असत तसल्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधून राहिलो. डबा, स्पीकर, व्हॉल्व्ह सारं जमलं, अडलं ते पॉवर ट्रान्सफॉर्मरवर, तो तुमी बांधून द्या. लाइन २३० व्होल्ट धरा. बाहेर २७५-०-२७५ पायजे, अन् व्हॉल्व्ह तापवायले ६.३. वीस तारखेले कॉलेजचं गॅदरिंग हाय, बाबा पहिल्या रांगेत बसणार. अ‍ॅम्प वाजला तर गिटार राहील, नाही तर सोमवारपासून बियाण्याच्या दुकानात बसायचं, असं त्यायनं ठरवलं. मामीले नमस्कार. तुमची माया हायच, ती तार तुटू देऊ नका.

आपला, शिवम


अकोला, ११ डिसेंबर

चि. शिवमले अनेक आशीर्वाद.

ट्रान्सफॉर्मर तुह्या मावशीसंग एसटीनं धाडून राहिलो. चार किलोचा हाय, लय बडबडली ती. आता नीट आयक. २३० व्होल्ट हे कागदावरचं. तीस वर्षं पातूरकडच्या पंपाच्या मोटरी बांधून राहिलो, १७० च्या वर लाइन म्या पाहिली नाही! म्हणून १७० वरच बांधला. मोटर जळली की लोक मले शिव्या देतात, लाइनले कोणी देत नाही. तुह्या बापाले म्हण, दुकानात दुसरा माणूस पाहा.

तुहा मामा


अमरावती, १६ डिसेंबर

ती. स्व. मामांस सा. न.

रागावू नका. घरी मीटर लावला, लाइन २३५! ६.३ च्या जागी पावणेनऊ आले. व्हॉल्व्ह लावले नव्हते म्हणून वाचले. हे अमरावती हाय मामा, पातूरचं वावर नाही. इथल्या दुकानातून पुस्तकातल्या मापाचा आणून बसवला. अ‍ॅम्प असा गरजला की शेजारच्या नत्थुजींनी दार ठोकलं. तुमचा पलंगाखाली जपून ठेवला. गॅदरिंगले नक्की या.

तुमचा हट्टी भाचा, शिवम


अमरावती, तुह्याच घरातून, २१ डिसेंबर

चि. शिवमले आशीर्वाद.

कालपासून तू दार लावून बसला, म्हणून हा कागद फटीतून सरकवून राहिलो. गॅदरिंगच्या मैदानात डीजे, हॅलोजन, भजीवाल्याची विजेची शेगडी, सारं एकाच वायरवर! तू तार छेडली अन् तो डबा नुसता कण्हला. पोरं हसली. तू मान खाली घातली, मले पाहवलं नाही रे. स्टेजमागं मीटर लावला तर १६८. अन् माहा ट्रान्सफॉर्मर पलंगाखाली आराम करून राहिला होता.

पण चूक माहीही हाय. तू घरची लाइन मोजली, म्या पातूरची. मैदानाची कोणीच नाही मोजली.

तुहे बाबा उद्यापासून दुकान म्हणत होते. म्या सांगितलं, पोरगं उद्या माह्यासंग अकोल्याले येते, वाइंडिंग शिकाले. त्यायनं विचारलं, अन् ते गिटार? म्या म्हटलं, गिटारबिगर ट्रान्सफॉर्मर तपासायचा कसा? मंग त्यायनंच मले एसटीची वेळ सांगितली.

दार उघड. सकाळची एसटी हाय. गिटार मांडीवर घे.

तुहा मामा